पल्लवीला मी सांगितलेलं खोटं

माघातल्या उन्हाला ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास असतो, हे मला पल्लवी आमच्या घरात आल्यावर कळलं. चुडाव्याला तिच्या वडिलांची पिठाची गिरणी; तिचं बालपण आणि तारुण्य त्या अखंड घरघरीच्या आडोशाला गेलेलं, आणि लग्न होऊन ती परभणीला आली तरी तिच्या केसांच्या मुळांशी, पदराच्या काठाशी ती कोवळी, उबदार धूळ उरलेलीच असे. वास आधी येई, मग ती येई. आणि तिच्या येण्याला आवाज म्हणून नसे. काचेच्या बांगड्यांची किणकिण तिला सोसत नाही, म्हणून दोन्ही मनगटांत लाखेची एकेक जाड बांगडी. पैंजण नाहीत, जोडव्यांनाही तिनं दोऱ्याचे वेढे दिलेले. नव्या नवरीनं घरभर वाजत फिरावं ही आमच्याकडची रीत, आणि ही भिंतीच्या कडेकडेनं, कुणालाही न हलवता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाई. माणसाच्या तोंडाकडे ती बघत नसे, हातांकडे बघे. समोरच्याचे हात काय करतायत ते पाहून त्याच्याशी बोलायचं की नाही हे ठरवी. माझे हात तिनं पहिल्याच दिवशी इतके निरखले की मी ते पदराखाली घेतले.

तेव्हाच ती मला आवडली नाही. खोटं कशाला बोलू! बेचाळीस वर्षांची, शाळेत मुलांना मराठी शिकवणारी, माहेरापासून दोन गल्ल्यांवर सासर असलेली मी; धाकट्या भावाच्या बायकोवर जळणं मला शोभतं का? नाही शोभत. पण शोभत नाही म्हणून कुणी जळायचं थांबलंय का आजवर? मी जळत होते, आणि चांगली धडधडून जळत होते.

श्रीपाद माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. स्वमग्न हा शब्द आमच्या घरात तो सव्वीस वर्षांचा झाल्यावर आला, नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंच्या तोंडून. तोवर हट्टी, माणूसघाणा, येडपट असे आमचे घरगुती शब्द चालत होते. कुणी गोंजारलं, पाठीवरून मायेनं बोटं फिरवली की त्याच्या अंगाला खाजकुइली लागल्यासारखं होई. लग्नाकार्यातला कल्लोळ, कुकरची शिट्टी, पाहुण्यांच्या गळाभेटी, असं काही साचत गेलं की तो कोपऱ्यात घडी होऊन बसे आणि कुणाचाच राहत नसे. मग मी जाई. त्याच्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवी आणि पोत्याचं तोंड शिवताना गडी गुडघ्याचा भार देतो तसा सगळ्या अंगाचा भार देई. थोड्या वेळानं त्याचा श्वास खाली उतरे, पापण्या मिटत, आणि तो म्हणे, "आलो."

आईला हे जमत नसे, तिला वाटे पोराला लागेल. बाबांना तेवढा धीर नव्हता. एकतीस वर्षांच्या त्या उंच, रुंद, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत दिवसभर मातीचे नमुने चाळणाऱ्या आणि त्यांच्या पुड्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाला जगात परत आणायची विद्या एका माझ्याकडे होती. श्रीपादला काय हवंय हे कुणालाही जाणायचं असलं की सगळे माझ्याकडे वळत, तोसुद्धा वळे. मला त्याचा किती अभिमान होता हे तो अभिमान गेल्यावर कळलं.

लग्न जमवलं दोन आयांनी, त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून. पल्लवीही त्याच्यासारखीच. "एकमेकांना सोबत होईल," असं दोन्हीकडून ठरलं, आणि सोबत या शब्दात जे काही येऊ द्यायचं नव्हतं ते सर्वांनी मिळून दाराबाहेर ठेवलं. आत्या तर उघडच म्हणाली, "बिचाऱ्याला त्यातलं काय कळतंय! राहतील भाऊबहिणीवानी." बघण्याच्या कार्यक्रमात दोघं समोरासमोर बसून दोन वेगवेगळ्या खिडक्यांकडे बघत होती. श्रीपादनं विचारलं, "झोपताना दाराला कडी लावलेली आवडते का उघडी?" ती म्हणाली, "लावलेली." मग तिनं विचारलं, "अंधार पूर्ण लागतो का थोडा उजेड?" तो म्हणाला, "थोडा." थोरामोठ्यांना खोकल्याची उबळ आली. पोहे कुणी संपवले नाहीत, आणि गाडीत बसता बसता श्रीपादनं सांगितलं की लग्न करायचं तर हिच्याशीच.

साखरपुडा झाला त्या आठवड्यात तो जेवताना, लोणच्याची फोड बाजूला सारत, आईला म्हणाला, "मला पल्लवीच्या मानेपाशी तोंड ठेवावंसं वाटतं. लय वाटतं." आईची पळी आमटीतच थांबली. बाबांनी पाण्याचा तांब्या उगाच उचलून पुन्हा ठेवला. दाढीमिशांच्या त्या पुरुषाला आम्ही सदानकदा बाळ म्हणत आलो होतो आणि बाळानं आमच्या देखत स्वतःच्या देहाची मागणी, मीठ मागावं इतक्या सरळपणे, ताटावर ठेवली होती. मला त्याक्षणी लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो हेवा. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. दिवा मालवतो, जे व्हायचं ते होतं, कूस बदलली जाते. माझ्या मानेविषयी कुणी कधी असं बोललं नाही. मला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

लग्न लागलं. सत्यनारायण झाला. दुपार कलली, पाहुणे पांगले, आणि मागच्या पडवीत मी प्रसादाची पातेली पुसत होते तेव्हा तो पिठाचा वास आला. पल्लवी माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली आणि माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "ताई, आज आमची खोली येगळी हाय. मला त्यांना हात लावायचाय. त्यांना कसा चालतो ते तुमाला ठाऊक असंल म्हणून विचारायले."

लाज नाही, आढेवेढे नाहीत. तिच्या आवाजात एवढाच ध्यास होता की चूक होऊ नये. आणि मला दिसलं की एका वाक्यात ही माझ्याकडून सगळं घेऊन जाणार आहे: माझी तीस वर्षांची विद्या, ते खांदे, तो "आलो". माझ्या हातात पातेलं होतं ते मी शांतपणे पालथं घातलं.

"हळूच लाव," मी म्हणाले. "अगदी हळू. बोटांच्या टोकांनी."

"बोटांच्या टोकांनी," ती म्हणाली. पाठ व्हावं म्हणून तिनं ते तीनदा म्हटलं आणि मला थँक्यू म्हणून गेली.

पाचव्या दिवशी मांडवपरतणी. नवी जोडी मुलीच्या माहेरी जेवायला जाते, तशी गेली, सोबत मी. चुडाव्याला गिरणीमागच्या घरात पुरणाचा घमघमाट होता, पुरुष बाहेर, आणि आत बायकांच्या घोळक्यात पल्लवीची मामी, मोठ्या गळ्याची, सैल जिभेची. तिनं विचारलं ते प्रत्येक नव्या नवरीला विचारतात, "काय गं पल्लवे, जावईबापूंनी झोपू दिलं का न्हाई?" बायका पदर तोंडाशी धरून खिदळल्या. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मान खाली घालून लाल व्हायचं असतं, तेवढ्यानं प्रश्नाचं काम भागतं. पण पल्लवीला कुणी काही विचारलं की ती ते खरोखर विचारलंय असं समजते. तिनं विचार केला आणि सांगितलं, "रोज झोपू दिलं. मी हात लावला की ते उठून खिडकीपाशी जातात. ताईंनी सांगितलं तस्साच लावला, हळू, बोटांच्या टोकांनी. तीन डाव लावला. मग सोडून दिलं. त्यांना मी नको हाय वाटतं."

खिदळणं थांबलं. पल्लवीची आई चुलीकडे तोंड करून बसली. मामीनं हनुवटीवर बोट ठेवलं आणि बायकांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "म्हंजी पोरगंच तसलं हाय का काय?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. त्याच्यात काही कमी नाही, मी चुकीचं सांगितलं. एवढंच. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे चुकणारी बाई म्हणून नव्हे, तसल्या पोराची बिचारी बहीण म्हणून. आणि मी ते वाक्य गिळून पुढ्यातल्या वाट्या एकात एक रचत बसले. संध्याकाळी पल्लवीचे वडील हात जोडून म्हणाले, "पोरगी ऱ्हाऊ द्या इथंच. चार माणसं बसून बघू काय करायचं ते." चार माणसं बसली की काय ठरतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये श्रीपाद खिडकीशी बसला होता. बाहेर हरभरा वाळत आला होता, उन्हाचा रंग उतरला होता. पूर्णा गेल्यावर तो म्हणाला, "तू तिला हळू लाव म्हणून सांगितलंस?"

"हो."

"मला तर हळू..." तो थांबला. "विसरलीस का तू?"

"हो रे. विसरले."

पिंगळीला गाडी थांबली, निघाली, तरी त्याच्या मनात ते चालूच होतं. "तू कधी विसरत न्हाईस," तो शेवटी म्हणाला. "मलाच नीट कळत नसंल. तुला माझ्यापेक्षा माझं जास्त कळतं." आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं, अवघड गणित सुटल्यासारखं. मी समोर बसून ते बघितलं आणि त्याला तसंच राहू दिलं.

पुढचा दीड महिना मी सुखात होते. हे लिहायची लाज वाटते, पण होते. शाळा सुटली की थेट माहेरी. तो कोपऱ्यात घडी होऊन बसलेला असे, मी खांद्यांवर भार देई, त्याचा श्वास उतरे. माझ्यासाठी धपाटे झाकून ठेवलेले असत. आई सुस्कारा टाकून म्हणे, "लय पुढं जायच्या आत थांबलं, बरंच झालं की बाई. आपण होतो तसेच बरे." मी मान डोलवी. फक्त "आलो" तो म्हणत नव्हता. माझ्या ते ध्यानात आलं होतं. मी त्याचा विचार करत नव्हते.

मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी न सांगता गेले. चैत्र लागला होता, मागच्या पडवीत ऊन पांढरं झालं होतं. श्रीपाद बनियनवर, भिंतीला पाठ लावून बसला होता. आईच्या वाती वळायच्या डब्यातला कापसाचा पुंजका त्याच्या उजव्या हातात होता आणि श्रीपाद तो डाव्या हातावरून, मनगटापासून कोपरापर्यंत, अलगद फिरवत होता. डोळे घट्ट मिटलेले. जबडा आवळलेला. ओठांतल्या ओठांत आकडे चालले होते. हातावर कातडी ओरबाडल्याचे लाल वण, काही आजचे, काही जुने होऊन काळवंडलेले.

"काय करायलास रे हे?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. "सराव. हळू हात सोसायचा सराव. काल साठपर्यंत झालं. शंभरपर्यंत आलं की पल्लवीला आणायचं."

मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. चोरी सापडली तर निदान चोर पळतो. मला हलताही येईना. मी त्याची बायको माहेरी ठेवली होती एवढंच मला वाटत होतं. त्याची कातडी त्याच्यापासून हिरावून घेतली होती, ते आत्ता दिसलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो स्वतःच्या अंगाला खोटं ठरवत बसला होता, रोज, दुपारभर.

"श्रीपाद, मी विसरले नव्हते. तुला जोर लागतो हे मला ठाऊक होतं. मी तिला मुद्दाम खोटं सांगितलं."

पुंजका फिरायचा थांबला. "मुद्दाम?"

"हो."

"मग माझं अंग बरोबर हाय?"

"बरोबर आहे रे राजा. पहिल्यापासून बरोबर आहे."

तो उठला. शर्ट घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि म्हणाला, "चल. गाडी हाय." का सांगितलंस, हे त्यानं विचारलंच नाही. मला तर तेच सांगायचं होतं, रडायचं होतं, त्याच्या तोंडून जाऊ दे ताई असं ऐकायचं होतं. तो चप्पल घालून फाटकाबाहेर उभा होता.

चुडाव्याला गिरणी चालू होती. पल्लवी कोपरापर्यंत हात ज्वारीच्या पोत्यात बुडवून बसलेली. त्या घरघरीत ती इतकी स्वस्थ दिसत होती की हिला इथून न्यावं का असंही क्षणभर वाटलं. डबे घेऊन चारपाच बाया ओळीत उभ्या आणि त्यात, दुसरं कोण असणार, मामी. मी बोलले ते कुणाला ऐकू जाईना. मग ओरडले. शाळेतल्या घंटेवर मात करणारा माझा आवाज, तो तिथं कामी आला. "पल्लवी, त्याच्यात काही कमी नाही! मी तुला खोटं सांगितलं! जाणूनबुजून!" वडिलांनी घाबरून खटका दाबला, पट्टा थांबला, आणि सगळ्या बायांच्या माना माझ्याकडे वळल्या.

पल्लवीनं पोत्यातून हात काढले. "का?" तिनं विचारलं. तिनं विचारलं!

"जळले तुझ्यावर."

तिनं मनापासून विचार केला. "माझ्याकडं काय हाय जळण्यासारखं?"

"तो आहे. आणि तुला विचारता येतं. तू येऊन विचारलंस गं मला, कसा हात लावू म्हणून. मला माझ्या आयुष्यात असं कुणी..." इतक्या बायांसमोर मी पदरानं नाक पुसत होते, आणि त्यांतल्या दोघीतिघींनी खाली बघितलं ते माझ्या लाजेखातर नसावं, स्वतःच्या काही आठवणीखातर असावं असं मला आजही वाटतं.

ती रागावली नाही, तिनं मला जवळही घेतलं नाही. माझ्या हातांकडे बघत ती म्हणाली, "बरं. मग आता मी तुमाला न्हाई विचारणार. त्यांनाच विचारीन." आणि तिथंच, श्रीपादकडे वळून, "किती जोरात?"

"लय," तो म्हणाला. "पोतं दाबून भरतात तितकं."

तिनं हात झटकले. टाचा उचलल्या, त्याच्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि भार दिला. मामीनं तोंड भिंतीकडे केलं. श्रीपादचे डोळे मिटले. "अजून," तो म्हणाला. तिनं अजून दिला. "अजून." इतका भार मी कधी दिला नव्हता, त्याला लागेल असं, आईसारखंच, मलाही वाटत आलं होतं की काय! त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते पाहायचा मला अधिकार नव्हता, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले. पाठीमागं थोड्या वेळानं गिरणी सुरू झाली.

त्याला दोन वर्षं झाली. दोघं आमच्याच गल्लीत वेगळ्या दोन खोल्यांत राहतात. माझ्यावर दोघांचाही राग नाही. सणाला बोलावतात, मी डबा नेला तर खातात, चव बिघडली असेल तर तसं सांगतात. एका रविवारी दुपारी गेले तर कडी आतून लावलेली होती. हाक मारणार तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, "इथं?" आणि त्याचा, "हो." मग तिचा, "आणि इथं?" "न्हाई, तिथं नको." "आता तुमी विचारा," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. श्रीपादचं असं हसणं मी ओळखलंच नाही आधी. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि चोरपावलांनी निघून आले. ऊन कडक होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि मी जळत जळत घरी गेले.

त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "कधीतरी मला विचारत जा, काय आवडतं म्हणून." त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. "आता या वयात काय विचारायचं?" ते म्हणाले, पण वाईट वाटून नाही, खरंच काय विचारायचं ते त्यांना उमगत नव्हतं. आणि त्यांनी विचारलंच तर काय सांगायचं, ते मीही अजून शोधतेच आहे.

माणूस दुरावल्यानं पोरकेपण येतं, असं मी निबंधाच्या वहीत मुलांना वर्षानुवर्षं लिहायला शिकवत आले. माझा भाऊ हाकेच्या अंतरावर आहे, सुखात आहे, आणि त्याला काय हवंय हे आता मला कुणीही विचारत नाही. पोरकेपण यायला एवढंही पुरतं.